विषावर उतारा : सर्पदंशाच्या उपचारामागील विज्ञान आणि जुन्नर-आंबेगाव

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांचे नाव वृत्तपत्रांत आले, की वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा बिबट्या उभा राहतो. उसाच्या फडात वाढलेले बछडे, माणिकडोहचे निवारा केंद्र, वन विभागाचे पिंजरे या साऱ्याची चर्चा गेली दोन दशके अखंड चालू आहे. त्याच उसाच्या फडात, त्याच गोठ्यात आणि त्याच बांधावर वावरणाऱ्या सापाची बातमी मात्र क्वचितच होते. एखाद्या गावात पावसाळी पहाटे कोणी दगावले, तर चार ओळींत तो विषय संपतो. वास्तविक, देशाचा हिशेब पाहिला तर माणसाचा जीव घेण्यात सापाच्या जवळपास येईल असा दुसरा कोणताही वन्य प्राणी नाही.

सर्पदंशावरील उपचारांचा विचार करताना जुन्नर तालुक्याला एक वेगळे महत्त्वही आहे. रेडिओ दुर्बिणीमुळे प्रसिद्ध झालेल्या खोडदपासून जवळच असलेल्या नारायणगावात सर्पविषावरील प्रतिविष तयार करणारी प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी आहे. भारताबरोबरच आफ्रिकेतील सापांसाठीही ती प्रतिविष बनवते. त्याच गावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दाम्पत्य सुमारे तीन दशके सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करीत आले आहे. परिसरातील शाळा, वाड्या-वस्त्यांवर जाऊन त्यांनी याविषयी प्रबोधनही केले आहे. औषध जेथे तयार होते आणि ते जेथे रुग्णाच्या शिरेत जाते, ती दोन्ही ठिकाणे एकाच गावात असावीत, असा योग दुर्मीळच. या औषधाचे विज्ञान काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि आज जगभर चाललेले संशोधन शेतकऱ्यापर्यंत केव्हा व कसे पोहोचेल, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

दुर्लक्षित आजार

भारतात सर्पदंशाने नेमके किती लोक मरण पावतात, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. सरकारी रुग्णालयांतील नोंदी पाहिल्या तर संख्या लहान दिसे, कारण अनेक मृत्यू घरी किंवा वाटेतच होत. देशभरातील घराघरांतून मृत्यूची कारणे विचारून केलेल्या 'मिलियन डेथ स्टडी' या व्यापक पाहणीच्या आधारे २०२० मध्ये संशोधकांनी जे अनुमान मांडले, त्याने अनेकांना धक्का बसला. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने मरण पावले. म्हणजेच वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील आणि सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते. मृतांत ३० ते ६९ या कर्त्या वयातील माणसांचे प्रमाणही जवळपास निम्मे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि २०३० पर्यंत त्यापासून होणारे मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याला अनुसरून भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू यांची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळविले. ज्या आजाराची मोजदादच होत नाही, त्याच्यासाठी औषध किती बनवावे आणि ते कोठे ठेवावे हे ठरविता येत नाही. म्हणून हे पाऊल दिसते त्याहून मोठे आहे.

जुन्नर-आंबेगावच्या भूगोलातच या प्रश्नाची मुळे आहेत. कुकडी प्रकल्पातील येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगा आणि डिंभे या धरणांमुळे पूर्वेकडील पट्टा बागायती झाला. ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे यांच्याबरोबर उंदीर आले आणि उंदरांमागे साप. शेतीपंपांना रात्रीची वीज असली, की शेतकऱ्याला पाणी द्यायला अंधारात जावे लागते. पश्चिमेकडील सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्यांत भाताची खाचरे, दाट झाडी, मातीच्या भिंती आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपण्याची रीत आहे. तेथून रुग्णाला घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या रुग्णालयात पोहोचवायचे, तर वळणावळणाचा घाटरस्ता आणि मिळेल ते वाहन एवढाच आधार असतो.

चार साप, विषाच्या तीन तऱ्हा

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप. देशातील बहुतेक सर्पदंशमृत्यूंना हेच चार जबाबदार मानले जातात. त्यांच्या विषाची जात मात्र एक नाही.

नागाचे विष मुख्यत्वे मज्जासंस्थेवर घाला घालते. मेंदूकडून आलेला संदेश मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने बाहेर पडतो आणि स्नायूवरील ग्राहींना चिकटतो. तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. नागाच्या विषातील लहान प्रथिने नेमके हे ग्राही अडवून बसतात. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थांबतात. शिवाय दंशाच्या जागी सूज येते आणि मांस सडते.

मण्यारीचे विष याच साखळीवर, पण अलीकडच्या टोकाला आघात करते. ते मज्जातंतूच्या टोकाचीच नासधूस करते. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी ना सूज, ना फारशी वेदना. रुग्ण पहाटे पोटदुखी, घशात दुखणे, उलटी अशा तक्रारींनी जागा होतो. साप कोणी पाहिलेलाच नसतो. अपचन समजून ओवा-सोडा देण्यात मोलाचे तास निघून जातात आणि मग पापण्या जड होऊ लागतात.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा रोख रक्तावर असतो. रक्त गोठविण्यासाठी शरीरात घटकांची एक साखळी असते. हे विष ती साखळी अकारण सुरू करून देते. गोठविणारे घटक भराभर वापरले जाऊन संपतात आणि मग रक्त गोठेनासेच होते. हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूत रक्तस्राव होतो. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाला प्रतिविष देऊन भागत नाही, त्याला डायलिसिसची गरज पडते.

घोड्यापासून कुपीपर्यंत

ग्रामीण भागात प्रतिविषाला सर्रास 'सापाची लस' म्हणतात. ती लस नव्हे. लस शरीराला स्वतःचे संरक्षण घडवायला शिकविते. प्रतिविष म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात आधीच तयार झालेले संरक्षण उसने घेणे.

ही कल्पना सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वाताबाबत रक्तरसाच्या उपचाराचा पाया घातला. त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्समधील आल्बेर कालमेत यांनी नागविषावरील रक्तरस सिद्ध केला. तो सर्व सापांवर चालेल, अशी त्यांची समजूत होती. तसे नाही, हे दाखविणाऱ्यांत मुंबईच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम केलेले जॉर्ज लॅम्ब हे एक होते. नागविषावरील रक्तरस घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरतो, असे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या कामातून पुढे आले. हीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. परळच्या या संस्थेचे भारतातील प्रतिविषाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे.

आजही भारतातील प्रतिविष त्याच मूळ तत्त्वावर बनते. चारही सापांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात या विषांविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. मग ठरावीक प्रमाणात रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात आणि लाल पेशी घोड्याला परत देतात. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो. त्याचे दोन हात विषाला पकडतात, तर खालचा दांडा माणसाच्या शरीरात विपरीत प्रतिक्रिया घडवू शकतो. म्हणून पेप्सिन या विकराने तो दांडा छाटून टाकतात. उरलेला भाग शुद्ध करून, गाळून कुपीत भरतात आणि गोठवून त्यातील पाणी निर्वातात काढून घेतात. अशी कोरडी भुकटी शीतकपाटाविना टिकते. वीज जाण्याची खात्री आणि येण्याची शाश्वती नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ही सोय अत्यावश्यक आहे.

दहा कुप्यांचा हिशेब

विषबाधेची लक्षणे दिसताच रुग्णाला पहिल्या खेपेस ८ ते १० कुप्या प्रतिविष द्यावे, असे भारतातील उपचारविषयक मार्गदर्शन सांगते. हा आकडा कोठून आला? भारतीय मानकानुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवे. एका कुपीत १० मिलिलिटर म्हणजे दहा कुप्यांत १०० मिलिलिटर, अर्थात घोणशीचे ६० मिलिग्रॅम विष. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, असे मोजमापांतून आढळले आहे. हिशेब जेमतेम जुळतो.

याच हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की लहान मुलाला मात्रा कमी करून चालत नाही. साप माणसाचे वय पाहून विष सोडत नाही. प्रतिविष शरीराच्या वजनावर नव्हे, तर आत गेलेल्या विषावर मोजायचे असते. दुसरी अशी, की एखाद-दोन कुप्या टोचून रुग्णाला 'पुढे पाठविणे' म्हणजे उपचार केल्याचे केवळ समाधान होय.

घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असल्याने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, रक्तदाब कोसळतो. या भीतीपोटी लहान गावातले अनेक डॉक्टर प्रतिविष देण्यास कचरतात. श्रीलंकेत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने या प्रश्नावर साधे उत्तर दिले. प्रतिविषापूर्वी त्वचेखाली ॲड्रेनलिनची अल्प मात्रा दिल्यास तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते. ॲड्रेनलिन स्वस्त आहे आणि ते ग्रामीण रुग्णालयात सहज ठेवता येते.

काचेची नळी आणि वीस मिनिटे

साप कोणता होता, हे बहुधा कळत नाही. मग प्रतिविषाची गरज आहे की नाही, हे कसे ठरवायचे? यासाठी जगातील सर्वांत साधी वैद्यकीय चाचणी उपयोगी पडते. रुग्णाचे थोडे रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलविता ठेवायचे. त्यानंतर नळी एकदा कलती करायची. रक्त घट्ट राहिले तर गोठण्याची क्रिया शाबूत आहे. पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची बाधा झाली आहे.

नळी काचेचीच का, याचे कारणही रंजक आहे. काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्याने रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत ती नीट सुरू होत नाही आणि निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहून दिशाभूल होते. साबणाने धुतलेली जुनी नळीही याच कारणाने बाद. वीज नाही, यंत्र नाही, तरी पाड्यावरच्या आरोग्य केंद्रातही ही चाचणी बिनचूक होऊ शकते.

मण्यार आणि नाग यांच्या दंशात मात्र या नळीचा उपयोग नाही. तेथे पापण्या, मान आणि श्वास यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. रक्तातील विष थेट ओळखणारा संच ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये वापरात आला. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीसारखी, थेंबभर रक्तावर काही मिनिटांत सापाची जात सांगणारी पट्टी भारतीय सापांसाठी बनविण्याचे प्रयत्न सुरू आहेत. अशी पट्टी स्वस्तात उपलब्ध झाली, तर पहाटेच्या पोटदुखीमागे मण्यार आहे की अपचन, हा जीवघेणा संभ्रम संपेल.

श्वास विकत घेणारे यंत्र

मण्यारीच्या विषाने मज्जातंतूचे टोक एकदा निकामी झाले, की प्रतिविष ते दुरुस्त करू शकत नाही. रक्तात फिरणारे उरलेले विष तेवढे ते अडविते. तंतूंची टोके पुन्हा वाढायला दिवस लागतात. तोवर रुग्णाच्या वतीने कोणीतरी श्वास घेतला पाहिजे. हे काम व्हेंटिलेटरचे. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनने कधी कधी झपाट्याने सुधारणा दिसते, मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा धरता येत नाही.

कृत्रिम श्वसनाची आधुनिक पद्धत पोलिओच्या साथीतून आली. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये बियॉर्न इब्सेन यांच्या पुढाकाराने शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस पाळ्या लावून, हाताने रबरी पिशव्या दाबून रुग्णांना जगविले. त्याच डेन्मार्कमध्ये पुढे १९५६ मध्ये दाब काढताच आपोआप फुगणारी पिशवी तयार झाली. आज ती अंबू बॅग म्हणून प्रत्येक रुग्णवाहिकेत असते. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेने ही पिशवी आणि ती वापरू शकणारा हात घाटमाथ्याच्या अधिक जवळ आणला. मण्यारीच्या रुग्णाचे शरीर पूर्ण लुळे पडले असले, डोळ्यांच्या बाहुल्या हलत नसल्या, तरी तो बहुधा शुद्धीवर असतो आणि भोवतालचे बोलणे ऐकत असतो. श्वास चालू ठेवला तर तो आठवड्याभरात चालत घरी जाऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णाला घाईने मृत ठरवू नये, हा नियम प्रत्येक डॉक्टरने आणि नातेवाइकाने लक्षात ठेवावा.

महाडचा धडा

विषबाधेवरील संशोधन केवळ महानगरांतील प्रयोगशाळांत होते असे नाही, हे महाराष्ट्राने जगाला दाखविले आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणाऱ्या मुलांच्या लक्षणांची बारकाईने नोंद ठेवली. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसदृश रसायनांचा पूर येतो, हृदयावर ताण पडून फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांच्या ध्यानी आले. रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या साध्या गोळीने हा परिणाम रोखता येतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकाने प्रसिद्ध केले. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे तीस-चाळीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांच्या घरात आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे सिद्ध करणारी त्यांची चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या कामासाठी लागले काय? रुग्णाच्या उशाशी बसण्याची तयारी, रक्तदाबमापक आणि शिस्तीने ठेवलेली वही. नारायणगाव असो वा मंचर, ग्रामीण डॉक्टरांच्या नोंदींचे मोल यावरून कळावे.

एकच प्रतिविष साऱ्या देशाला?

प्रतिविषाची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या उगमात आहे. देशातील उत्पादकांना लागणारे विष मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने सापकातडीच्या व्यापारावर बंदी आल्याने बेकार झालेल्या समाजाला सन्मानाचा रोजगार दिला. या योगदानाला तोड नाही. परंतु सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. कोठे कोणते भक्ष्य मिळते, हवामान कसे, यांनुसार त्यातील प्रथिनांचे प्रमाण वेगळे होते. तमिळनाडूच्या घोणशीच्या विषावर बेतलेले औषध सह्याद्रीच्या पायथ्याच्या किंवा राजस्थानच्या सापावर तितकेच परिणामकारक ठरेल, याची हमी नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर सातत्याने काम केले आहे. चार प्रमुख सापांपलीकडच्या काही विषारी जातींवर बाजारातील प्रतिविष अत्यंत अपुरे पडते, असे त्यांनी २०१९ मध्ये दाखविले. सह्याद्रीच्या झाडीत आढळणाऱ्या चापड्याच्या विषाविरुद्धही या प्रतिविषात प्रतिपिंडे नसतात. शिवाय कुपीतील प्रतिपिंडांपैकी थोडीच विषाविरुद्ध असतात. घोड्याने आयुष्यभरात इतर जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडेही तीत असतातच. म्हणून कुप्या जास्त लागतात, खर्च वाढतो आणि ॲलर्जीची शक्यताही वाढते.

घोड्यावाचून प्रतिविष

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राने एकदम वेग घेतला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था, भारतीय विज्ञान संस्था आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत घडविलेले एक मानवी प्रतिपिंड जाहीर केले. नाग, मण्यार, मांबा अशा सापांच्या विषातील एका प्रमुख घटकसमूहाला ते रोखते. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेले काम आणखी पुढचे होते. रसायनशास्त्राचे २०२४ चे नोबेल मिळविणारे डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने पूर्णतः नवी, निसर्गात नसलेली लहान प्रथिने रचली. त्यांनी उंदरांना याच प्रकारच्या विषापासून वाचविले. अशी प्रथिने किण्वनटाक्यांत सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येतात. त्यासाठी ना घोडा लागतो, ना साप. मे २०२५ मध्ये 'सेल' नियतकालिकात आणखी एक वृत्तान्त आला. वर्षानुवर्षे स्वतःला सापाचे विष टोचून घेणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या रक्तातून मिळविलेली दोन प्रतिपिंडे आणि एक रासायनिक औषध यांच्या मिश्रणाने, नागवर्गातील १९ जातींच्या विषांपैकी १३ पासून उंदरांना पूर्ण आणि इतरांपासून अंशतः संरक्षण मिळाले.

त्या मिश्रणातील रासायनिक औषध म्हणजे वॅरेस्प्लॅडिब. मुळात दाहावर आणि हृदयविकारावर अजमावलेले हे औषध अनेक सर्पविषांत आढळणाऱ्या फॉस्फोलायपेज या विकराला निष्क्रिय करते. त्याची गोळी बनविता येते, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. दंश होताच घरीच गोळी घेऊन रुग्णालयाची वाट धरता आली, तर वाटेतले मृत्यू टळू शकतील. भारत आणि अमेरिकेतील रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता अपेक्षित फरक दिसला नाही. मात्र दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत फायद्याची चिन्हे आढळली. ही गोळी सिद्ध झालेले औषध नाही, तिच्याबद्दल आशा बाळगण्यास जागा आहे, इतकेच यावरून म्हणता येते.

या बातम्या वाचताना तारतम्य ठेवायला हवे. प्रतिपिंडांचे आणि कृत्रिम प्रथिनांचे वरील यश उंदरांवरील आहे आणि ते मुख्यतः नाग-मण्यारीच्या कुळापुरते आहे. आपल्याकडे मोठी हानी करणाऱ्या घोणशीच्या विषात अनेक निरनिराळी विकरे एकदम काम करतात. त्यांना एका-दोन रेणूंनी आवर घालणे अवघड आहे. म्हणूनच पुढची काही वर्षे तरी घोड्यापासून मिळणारी कुपीच जीव वाचविणार, हे उघड आहे.

दंश झाल्यावर

नव्या औषधांची वाट पाहत असताना जुन्या ज्ञानाचा पुरेपूर वापर केला, तरी मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात. नेपाळच्या तराई भागात रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तातडीने उपचार केंद्रात पोहोचविणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभारली गेली आणि जोडीला लोकशिक्षण झाले. तेथील चार गावांत दगावणाऱ्यांचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले, असे २०१३ च्या अहवालात नमूद आहे. नवे औषध एकही नव्हते. बदलला तो फक्त वेळ. ज्या तालुक्यांत प्रत्येक वाडीवर मोटारसायकल आहे, तेथे हा मार्ग अवलंबण्यास अडचण ती कोणती?

दंश झाल्यावर रुग्णाला धीर द्यावा, कारण बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात. दंश झालेला हात वा पाय हाड मोडल्यावर बांधतात तसा, फळी लावून स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात. रुग्णाला चालवू नये. थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. करकचून दोरी बांधणे, जखम कापणे, चोखणे, बर्फ लावणे यांनी अपायच होतो. मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चाववून विष चढले की नाही ते पाहणे, कोंबडी लावणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ जातो आणि गेलेला वेळ कोणतेही औषध परत आणू शकत नाही. साप मारून आणण्याच्या नादात दुसरा दंश होण्याचा धोका असतो. प्रतिविष चारही सापांवर चालते, त्यामुळे त्याची गरजही नाही.

प्रतिबंध त्याहून स्वस्त आहे. रात्री बॅटरी आणि हातात काठी, पायात गमबूट, घराभोवती अडगळ व लाकडाचा ढीग नसणे, जमिनीऐवजी खाट आणि अंथरुणाभोवती नीट खोचलेली मच्छरदाणी. डासांसाठी बनलेली ही जाळी झोपेतील सर्पदंशही रोखते, असे नेपाळमधील अभ्यासात आढळले आहे.

विषाचे दुसरे रूप

ज्या विषाने जीव जातो, त्यानेच जीव वाचविल्याचीही उदाहरणे आहेत. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरील औषध निपजले आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेत मान्यता पावले. त्याच्या कुळातील गोळ्या आज लाखो भारतीय रोज घेतात. टायरोफायबन या हृदयविकाराच्या झटक्यात वापरल्या जाणाऱ्या औषधाची प्रेरणा फुरशाच्या विषातील एक प्रथिन होती. घोणशीच्या विषावर आधारलेली रक्तचाचणी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीत उपयोगी पडते. साप दिसताच तो ठेचून टाकणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, तर ते प्रयोगशाळेत नव्हे, घोडेगाव आणि जुन्नरसारख्या ठिकाणी साधायचे आहे. ग्रामीण रुग्णालयात बारा महिने प्रतिविषाच्या पुरेशा कुप्या असणे, रात्रपाळीच्या डॉक्टरला त्या वापरण्याचे प्रशिक्षण आणि धैर्य असणे, काचेची नवी नळी आणि चालू स्थितीतील व्हेंटिलेटर असणे, प्रत्येक दंशाची नोंद होणे, इतक्याच या गोष्टी आहेत. नोंद नीट झाली तर संशोधकाला माहिती मिळते. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून दोन लाख रुपयांचे साह्य मिळण्याचा मार्गही तीमुळे सुकर होतो. प्रतिविष नारायणगावात तयार होते. ते आहुपे किंवा आंबे-हातवीजच्या वाडीवरील माणसाच्या शिरेत वेळेत पोहोचावे, एवढीच आता अपेक्षा आहे.